कागद फाटलेला असेल तर तो फाटलेला आहे असेच लिहा : गोवा सरकार आणि विधानसभा सदस्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मुख्यमंत्री, महसूलमंत्री, माहिती तंत्रज्ञानमंत्री आणि गोवा विधानसभेचे सर्व सन्माननीय सदस्य,
पर्वरी, गोवा.

विषय : जमिनीचे जुने दप्तर आणि सरकारी कचेऱ्यांतील निर्णय यांत कृत्रिम बुद्धिमत्तेचा वापर करण्याबाबत.

महोदय / महोदया,

सरकारी कामकाजात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याची भाषा आता सगळीच राज्य सरकारे करू लागली आहेत. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये दहा हजार तीनशे कोटी रुपयांहून अधिक खर्चाच्या ‘इंडिया एआय मिशन’ला मंजुरी दिली, तेव्हापासून तर या विषयावरची परिषद झाली नाही असा महिना जात नाही. या परिषदांत एक पक्ष सांगतो की माणसाचे कष्ट संपतील आणि दुसरा सांगतो की माणसाची नोकरी संपेल. दोन्ही पक्षांची भाषणे ऐकून घरी परतताना माझ्या हाती काही लागत नाही, कारण कोणते काम, कोणत्या कचेरीतले आणि कोणासाठी केलेले, हे त्यात कोणी बोलत नाही. म्हणून मला जे एकच काम नीट ठाऊक आहे, त्याच्यापुरते मी लिहिते आहे.

मी फोंड्यात राहते आणि पोर्तुगीज दस्तांचे अनुवाद करून पोट भरते. विक्रीखते, मृत्युपत्रे, वाटणीचे कागद, चर्चच्या आणि नागरी निबंधकांच्या जन्मनोंदी, असे सगळे माझ्याकडे येते. मधूनमधून मोडीतला एखादा कागदही येतो. हे काम यंत्र करू लागले आहे आणि त्यामुळे माझ्याकडचा ओघ आटला आहे. तेव्हा या विषयात माझा स्वार्थ आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचे वाचताना आपण तो वजा करून वाचाल.

गोव्याबाहेरच्या वाचकाला हे काम अजून शिल्लक कसे, याचे नवल वाटते. आपल्याला वाटू नये. १९ डिसेंबर १९६१ नंतर कारभाराची भाषा बदलली, पण जमिनी होत्या तिथेच राहिल्या आणि त्यांचे हक्क जुन्या वह्यांतच राहिले. १९६८ च्या जमीन महसूल संहितेखाली नवी मोजणी झाली, एक-चौदाचे (म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचे) उतारे आले, मात्र उताऱ्यावरचे नाव हे फार तर मालकीचे अनुमान असते. वाद पेटला की वकील मागे जाऊ लागतात, आणि १९६१ च्या पलीकडे पाऊल पडले की पोर्तुगीज सुरू होते. १८६७ ची नागरी संहिता, वारसांच्या वाटणीची इन्व्हेंटरी, कोमुनिदादीच्या, म्हणजे गावच्या सामाईक जमिनी सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेच्या नोंदी, नोटरींच्या जाडजूड वह्या हे सारे त्याच भाषेत आहे. ती भाषा वाचणारी पिढी जवळजवळ संपली. त्यामुळे आपल्याच आजोबांच्या कुळागराचा (माड-पोफळीच्या बागायतीचा) कागद हातात असूनही त्यात काय लिहिले आहे हे न कळणारी हजारो घरे आज गोव्यात आहेत. कागद वाचून देणाऱ्याला पैसे द्यायचे आणि तो सांगेल ते मानायचे, एवढेच त्यांच्या हाती उरते.

या परिस्थितीत यंत्राने हस्ताक्षर वाचावे, हे मला वाईट कसे वाटेल? गेल्या काही वर्षांत युरोपातील अभिलेखागारांनी आपली जुनी हस्तलिखिते संगणकाला शिकवण्यासाठी दिली आणि आज एकोणिसाव्या शतकातली वळणदार पोर्तुगीज अक्षरे ही यंत्रे बऱ्यापैकी उलगडतात. जे पान लावायला मला अर्धा दिवस लागे, त्याचा कच्चा मसुदा मिनिटभरात समोर येतो. मीही तो वापरते आणि वापरत नाही असे म्हणणाऱ्या माझ्या व्यवसायबंधूंवर माझा फारसा विश्वास नाही. हे तंत्र पुराभिलेख खात्याने मनावर घेतले तर नुसत्या नावावरून किंवा वाड्याच्या नावावरून शेकडो वह्यांत शोध घेता येईल. ज्या खात्याचा वारसा १५९५ मध्ये पोर्तुगीज इतिहासकार दियोगु द कोउतु याच्याकडे सोपवलेल्या दप्तरापर्यंत मागे जातो, त्याचा साठा पहिल्यांदाच सामान्य गोंयकाराला खुला होईल.

आणि त्याची निकड किती आहे हे आपल्याला ठाऊक आहे. जमिनी हडपल्याच्या तक्रारींचा पूर आला तेव्हा २०२२ मध्ये सरकारला विशेष तपास पथक नेमावे लागले. पुढे निवृत्त न्यायमूर्ती व्ही. के. जाधव यांचा एकसदस्यीय आयोग बसला. मेलेल्या किंवा परदेशी गेलेल्या मालकांच्या जमिनी खोट्या जुन्या दस्तांच्या आधारे विकल्या गेल्या, हे त्या प्रकरणांचे सार होते. जुना कागद चारचौघांना वाचताच येत नसेल तर खोटा कागद खपवणे सोपे जाते. सगळ्या वह्या वाचून, एकच मिळकत दोन ठिकाणी दोन नावांनी विकली गेली आहे का, एखाद्या नोटरीच्या वहीत मध्येच वेगळ्या धाटणीचा मजकूर घुसला आहे का, हे यंत्र ज्या वेगाने दाखवू शकेल तो वेग माणसांच्या कोणत्याही पथकाला गाठता येणार नाही. माझे काम गेले तरी चालेल, पण हे झाले पाहिजे, असे मी पूर्ण विचार करून लिहिते आहे.

आता दुसरी बाजू. ती सांगण्यासाठी मला एक पान आपल्यापुढे ठेवावे लागेल.

त्या काळची शाई लोहयुक्त असे. आपल्या दमट हवेत ती वर्षानुवर्षे कागद खात राहते, म्हणजे अक्षर जिथे ठसठशीत तिथेच कागदाला भोक. त्यात वाळवीची भर. मागच्या पानावरची शाई पुढे उमटलेली. समासात, दहा-वीस वर्षांनी कोणा वेगळ्याच कारकुनाने घातलेली नोंद, की ही मिळकत पुढे अमक्याच्या नावे झाली किंवा कर्ज फिटले. अशा एका विक्रीखताचे पान काही काळापूर्वी माझ्याकडे आले. मिळकतीच्या चतुःसीमांपैकी पूर्व, उत्तर आणि दक्षिण वाचता येत होत्या. पश्चिमेची सीमा जिथे लिहिली असावी तिथे कागदच नव्हता, बोटभर रुंदीचे भोक होते. मी माझ्या अनुवादात चौकटी कंसात लिहिले : येथे कागद फाटलेला आहे, सुमारे पाच ते सहा शब्द वाचता येत नाहीत. पक्षकाराने त्याआधी तेच पान एका यंत्राकडून करून आणले होते. यंत्राच्या अनुवादात भोक नव्हते. पश्चिमेला ‘सार्वजनिक वाट’ आहे असे स्वच्छ, व्याकरणशुद्ध वाक्य तिथे होते. समासातली नोंदही मुख्य मजकुरात अशी बेमालूम मिसळली होती की पुढच्या पिढीचा व्यवहार मूळ विक्रीतच झाल्यासारखा दिसत होता.

यंत्राने लबाडी केली असे मी म्हणत नाही. त्याची घडणच तशी आहे. आधी आलेल्या शब्दांनंतर कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, हे त्याला असंख्य मजकूर वाचून उमगलेले असते आणि त्या अंदाजावरच ते पुढे जाते. दस्तांची भाषा तर ठरीव साच्याची, त्यामुळे सीमेच्या जागी वाट, ओहोळ किंवा शेजाऱ्याची बागायत येणार हे त्याला पाठ असते. म्हणजे जिथे दिसत काहीच नाही तिथेही त्याचे वाक्य अडखळत नाही आणि वाचणाऱ्याला संशय येण्याजोगे काही मागे राहत नाही. न्यूयॉर्कमध्ये २०२३ साली वकिलांनी अशाच एका यंत्रावर विसंबून न्यायालयात जे निवाडे दाखल केले त्यांतले काही कधी झालेलेच नव्हते, आणि न्यायाधीशांनी त्यांना पाच हजार डॉलरचा दंड केला. तिथे निदान निवाडे शोधून पाहता आले. आपल्याकडे मूळ वही वाळवीने खाल्ल्यावर यंत्राचे वाक्य कशाशी ताडून पाहणार? आणि गोव्यात वाट आहे की नाही या प्रश्नावर भावाभावांच्या दोन पिढ्या कोर्टात गेलेल्या आहेत, हे आपल्या मतदारसंघातला कोणीही सांगेल.

माझ्या कामाचे मोल वाचण्यात आहे असे मी बरीच वर्षे समजत होते आणि गिऱ्हाईकही त्याचेच पैसे देत असे. यंत्र आल्यावर दिसले की वाचणे हा त्यातला स्वस्त भाग होता. महाग भाग म्हणजे जे वाचता आले नाही ते वाचता आले नाही असे सही-शिक्क्यासह लिहून देणे, आणि उद्या न्यायाधीशांनी बोलावले तर उभे राहून तसे सांगणे. माझा अनुवाद चुकला तर माझी उलटतपासणी होते. यंत्राला पिंजऱ्यात उभे करता येत नाही. त्याच्या वतीने बोलायला कंपनीचा जो माणूस येईल त्याने तो कागद पाहिलेलाही नसेल.

महोदय, माझे म्हणणे पोर्तुगीज दस्तांपुरते असते तर ते मी पुराभिलेख खात्यालाच कळवले असते. विधानसभेला लिहिण्याचे कारण असे की ही भोके सगळ्याच कचेऱ्यांच्या कागदांत असतात. दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेतून वृद्धांना महिन्याला दोन हजार रुपये मिळतात, गृह आधार योजनेतून गृहिणींना पंधराशे. या अर्जांत नावे जुळत नाहीत, जन्मतारखा अंदाजाने घातलेल्या असतात, लग्नानंतरचे नाव एका कागदावर असते आणि दुसऱ्यावर नसते. पोर्तुगीज वळणाने लिहिलेले आडनाव शाळेच्या दाखल्यात मराठी वळण घेते आणि आधार कार्डावर तिसरेच होते. आजोबा आणि नातू एकाच नावाचे असणे तर आपल्याकडे घरोघरी आहे. खिडकीवरचा कारकून अशा वेळी अर्जदाराला विचारतो, नाहीतर पंचायतीत फोन लावतो. तो कधी खेकसतो, कधी टोलवतो, पण काहीतरी राहिले आहे हे त्याला कळलेले असते. यंत्राला मात्र दोन नोंदी जोडायच्या की तोडायच्या एवढाच प्रश्न पडतो आणि त्याचे उत्तर ते देऊन मोकळे होते.

हे कल्पनेतले भय नाही. तेलंगणात २०१४ नंतरच्या काही वर्षांत अठरा लाखांहून अधिक रेशन कार्डे रद्द झाली. वेगवेगळ्या खात्यांची माहिती आपोआप जोडून कोण अपात्र हे ठरवणारी यंत्रणा त्या राज्याने वापरली होती आणि रद्द करण्यापूर्वी लोकांना नोटीसही मिळाली नव्हती. सायकल रिक्षा चालवणारा एक माणूस नावाच्या साम्यामुळे मोटारीचा मालक ठरला आणि त्याच्या घरचे धान्य बंद झाले. अखेर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला रद्द कार्डांची प्रत्यक्ष जाऊन फेरतपासणी करायला सांगावे लागले. नेदरलँड्स हा तर श्रीमंत आणि सुव्यवस्थित देश, पण तिथे बालसंगोपन भत्त्यात फसवणूक शोधणाऱ्या व्यवस्थेने हजारो निरपराध पालकांना लबाड ठरवून वसुली लावली. जोखीम ठरवताना डच नागरिकत्व नसणे हीसुद्धा एक खूण धरली जात होती. जानेवारी २०२१ मध्ये त्या प्रकरणापायी तिथल्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. ज्यांची मुले पोर्तुगीज पासपोर्टवर युरोपात कामाला गेली आहेत अशा गोंयकार आईबापांनी हे उदाहरण लक्षात ठेवावे, कारण परक्या देशात संशयित ठरणे किती सोपे असते हे त्यातून दिसते.

यावर आपले अधिकारी काय म्हणतील ते मी जाणते, कारण मामलेदार कचेरीत बसून मी ते ऐकलेले आहे. माणूस तरी कुठे चुकत नाही? सरकारी काम आणि सहा महिने थांब, ही म्हण काही यंत्रामुळे पडली नाही. मुंडकारांना, म्हणजे भाटकाराच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांना, १९७५ च्या कायद्याने संरक्षण मिळाले आणि तरीही नोंदणीसाठी खेटे घालता घालता कित्येक जण वर गेले. यंत्र चहापाणी मागत नाही, शुक्रवारी दुपारी गायब होत नाही आणि ओळख पाहून फाईल पुढे सरकवत नाही. हा युक्तिवाद खरा आहे आणि मी तो उडवून लावणार नाही. उलट, ज्यांची ओळख नाही अशांना यंत्राचा सर्वांत जास्त फायदा होऊ शकतो हे मला मान्य आहे. अर्जात काय कमी आहे ते आधीच सांगणे, कागद लावून घेणे, मराठीत किंवा कोकणीत लिहिलेला अर्ज इंग्रजी फाईलसाठी अनुवादित करणे आणि इंग्रजी उत्तर पुन्हा अर्जदाराच्या भाषेत देणे, मुदत उलटलेल्या फायली रोज वरिष्ठांपुढे ठेवणे, ही सगळी कामे त्याला खुशाल द्यावीत. मंजुरीचे कामसुद्धा, कागद पुरे असतील तर, त्याने झटपट करावे.

नामंजुरी मात्र माणसानेच करावी, एवढेच मी मागते. कुणाचा हप्ता थांबवायचा असेल, नाव वगळायचे असेल, अर्ज फेटाळायचा असेल, तर खाली नावानिशी एका अधिकाऱ्याची सही असावी, कारण दोन ओळींत लिहिलेले असावे आणि ते अर्जदाराला वाचता येईल अशा भाषेत असावे. राजभाषा कायदा १९८७ पासून आहे, तेव्हा ही मागणी नवीन म्हणता येणार नाही. सेवा मुदतीत मिळण्याचा हक्क देणारा २०१३ चा कायदाही आपल्याकडे आहे आणि तो उभा आहे तो नियुक्त अधिकारी आणि अपील अधिकारी या दोन माणसांवर. सहीच्या जागी ‘प्रणालीने अपात्र ठरवले’ एवढेच आले तर त्या कायद्यातले अपील करायचे कोणाविरुद्ध? केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी जे धोरण ठरवले, त्यात निष्कर्ष आणि निवाडे यंत्राकडून घेऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे आणि यंत्राचे अनुवाद जाणकाराने तपासावेत असेही. न्यायाधीशांना जी काळजी घ्यावीशी वाटली ती मामलेदारांनी घ्यायला हरकत नसावी.

जुन्या दस्तांबाबतचे मागणे त्याच धर्तीचे आहे. यंत्राने केलेला प्रत्येक अनुवाद तसा शिक्का मारूनच बाहेर पडावा, त्याच्याबरोबर मूळ पानाचे छायाचित्र जोडलेले असावे आणि जिथे कागद नाही तिथे मजकूरही नसावा. हे तांत्रिकदृष्ट्या अशक्य नाही. अक्षर वाचणारी बहुतेक यंत्रे कोणत्या शब्दाची आपल्याला किती खात्री आहे याचा आकडा आतल्या आत काढतच असतात. तो आकडा दाखवायचा की लपवायचा हे निविदा काढणाऱ्याच्या हाती आहे. ‘शंभर टक्के स्वयंचलित’ असे अभिमानाने लिहिलेली निविदा जर आपण काढलीत, तर कंपनी भोके बुजवून देईल, कारण पैसे त्याचेच मिळणार. आणि या वह्या म्हणजे गोव्याच्या जमिनीची कुंडली आहे. त्या ज्या संगणकावर चढतील तो कोणाचा, त्यांवर शिकून तयार झालेले यंत्र पुढे जमिनीच्या दलालांना विकता येईल की नाही, हेही करारात आधीच लिहून घ्यावे लागेल. नंतर केलेली ओरड म्हणजे वरातीमागून घोडे.

रोजगाराबद्दल आतापर्यंत मी मुद्दामच कमी बोलले. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीने जानेवारी २०२४ मध्ये म्हटले की जगातील सुमारे ४० टक्के रोजगारांवर या तंत्राचा परिणाम होऊ शकतो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा २०२३ चा अभ्यास अधिक नेमका आहे. त्याच्या म्हणण्यानुसार सर्वांत उघडा पडलेला वर्ग कारकुनी कामाचा असून त्यातली जवळपास चौथा हिस्सा कामे या तंत्राच्या थेट आवाक्यात येतात, आणि या वर्गात बायकांचे प्रमाण मोठे असल्यामुळे झळ त्यांना अधिक बसेल. आपल्या सरकारी खात्यांत कंत्राटावर डेटा एंट्री करणाऱ्या मुली पाहिल्या की हा अभ्यास कुणाविषयी आहे ते कळते. त्यांतल्या कित्येकींच्या पगारावर घरचे कर्ज फिटते आहे. २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये खाणी बंद पडल्या, तेव्हा डिचोलीपासून सांग्यापर्यंत रस्त्याकडेला उभे राहिलेले ट्रक सगळ्यांना दिसत होते, त्यामुळे मोर्चे निघाले, आपल्याला मदतीच्या योजना कराव्या लागल्या. कचेरीतले काम असे एका दिवसात बंद पडणार नाही. कंत्राट संपेल आणि नवे निघणार नाही, निवृत्त झालेल्याची जागा भरली जाणार नाही, आणि ज्या मुलीला ती जागा मिळाली असती तिला आपले काही गेले हे कळणारही नाही. सरकारी नोकरीसाठी आपल्याकडे लोक काय काय करतात हे २०२४ मध्ये नोकऱ्यांच्या नावाखाली झालेल्या पैशांच्या फसवणुकीत दिसलेच. जागा आणखी घटल्या तर त्या बाजाराचा भाव चढेल, याचाही विचार गृहखात्याने करावा.

पण मला अधिक भेडसावते ते वेगळेच आहे. मी हे काम शिकले ते एका वृद्ध वकिलांच्या कचेरीत नकला करून. त्यांच्यापुढे वही असे, ते एकेक ओळ वाचत आणि मी उतरवून घेत असे. चुकले की ते पेन्सिलीने खूण करत, बोलत नसत. पहिली दोन वर्षे मी जे केले ते आज यंत्र फुकट करील, म्हणून आज कोणताही वकील नवशिक्याला ते काम देणार नाही. आणि नकला केल्याखेरीज डोळा तयार होत नाही. कोणत्या नोटरीचा कारकून कोणते अक्षर कसे मोडतो, समासातली नोंद नंतरची आहे हे शाईच्या रंगावरून कसे ओळखायचे, हे पुस्तकात नाही. म्हणजे यंत्राचे काम तपासायला जाणकार हवा, आणि जाणकार तयार होण्याची जागाच यंत्राने घेतलेली. आज आम्ही मोजके लोक आहोत. आणखी वीस वर्षांनी यंत्राने लिहिले ‘पश्चिमेस सार्वजनिक वाट’, तर मान डोलवण्यापलीकडे कोणाला काही करता येणार नाही. हेच उद्या मोजणी खात्यात, लेखा खात्यात, वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत आणि वकिलीतही होणार आहे. तिथले लोक त्याबद्दल माझ्यापेक्षा नेमके सांगू शकतील.

यावर उपाय सरकारच करू शकते, कारण बाजाराला यात फायदा दिसणार नाही. यंत्र आणून जो पैसा वाचेल त्याचा एक भाग माणसे तयार करण्यावर लावावा. गोवा विद्यापीठात पोर्तुगीजचा विभाग आहे, पणजीत ती भाषा शिकण्याची सोय आहे. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांना पुराभिलेख खात्यात दोन वर्षे विद्यावेतन देऊन बसवावे. त्यांनी आधी यंत्राविना वाचावे, मग यंत्राचा मसुदा तपासावा आणि प्रत्येक फरक नोंदवून ठेवावा. त्या नोंदींनी यंत्रही सुधारेल. मोडी आणि कंदवी (गोव्यातली जुनी लिपी) यांतल्या कागदांसाठीही हेच करता येईल. त्यांच्याकडे तर कोणत्याही मोठ्या कंपनीचे लक्ष जाण्याची शक्यता नाही, कारण त्यात गिऱ्हाईक नाही. आणि डेटा एंट्रीवरच्या ज्या मुली आज कंत्राटावर आहेत, त्यांतल्या इच्छुकांना अर्जदारांशी प्रत्यक्ष बोलून कागद जुळवून देण्याच्या कामावर घ्यावे. पंचायतीत आठवड्यातून एक दिवस असे कोणी बसले तर निम्म्या चुका यंत्रापर्यंत पोहोचणारही नाहीत. खर्च येईल. पण चुकून थांबलेला हप्ता पुन्हा सुरू करण्यासाठी म्हातारीला डिचोलीला किंवा पणजीला बसने जे हेलपाटे घालावे लागतात, त्यांचाही खर्च असतोच. तो अंदाजपत्रकात दिसत नाही इतकेच.

एक मागणी कार्यपद्धतीची. कोणती जमीन कशासाठी वापरायची हे ठरवणारा प्रादेशिक आराखडा २०११ लोकांना न विचारता आणला गेला आणि जनआंदोलनानंतर २००७ मध्ये सरकारला तो रद्द करावा लागला, तर त्यापुढच्या २०२१ च्या आराखड्यासाठी गावागावांतून सूचना मागवल्या गेल्या. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या वापराचे जे धोरण किंवा ज्या निविदा आपण काढाल, त्यांचा मसुदा तसाच मराठीत आणि कोकणीत छापून पंचायतींत आणि नगरपालिकांत ठेवावा, हरकतींसाठी निदान महिनाभर द्यावा, आणि कोणत्या योजनेत यंत्र काय ठरवणार आणि काय ठरवणार नाही याची यादी त्यात असावी. दस्त वाचण्याच्या कामाची सुरुवात एखाद्या तालुक्याच्या नोटरी वह्यांपासून करावी, आणि त्यासाठी चांगली पाने निवडू नयेत. वाळवी लागलेल्या वह्याच आधी घ्याव्यात, म्हणजे यंत्र काय करते ते सगळ्यांना पाहता येईल. तपासणीसाठी बसायला मी तयार आहे आणि माझ्या व्यवसायातले आणखी काही जण येतील असे मी त्यांच्याशी बोलून लिहिते आहे. मानधनाचा प्रश्न नंतर पाहता येईल. येत्या अधिवेशनात याबाबत सरकारची भूमिका सभागृहात मांडली जावी, ही विनंती.

कळावे.

आपली नम्र,
पोर्तुगीज दस्तांची एक अनुवादक, फोंडा